भरलेली पिशवी

रविवार, २९ सप्टेंबर १९९१. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नाथा नाखवा बुडाला.

नाथा हा खेळातला माणूस. त्याला विश्राम कोळी चालवायचा. विश्राम चेंदणी कोळीवाड्यातला, नुकताच बी.एस्सी. झालेला. खोलीत आणखी तिघं होती: डोंबिवलीची सरोज, ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टरमधला चांगदेव, आणि जिचं ते घर होतं ती हेमा घाग. चौघंही कॉलेजात एकाच वर्गातली. खेळ हेमा चालवायची, आणि नाथा बुडाला हा निकालही तिनेच दिला. दहा मिनिटांत विश्राम चपला घालून निघून गेला. त्यानंतर तो त्या खोलीत आलेला नाही. त्याने परत येऊन बसावं, एवढंच हेमाला पुढे कित्येक वर्षं हवं होतं.

खेळ आला तो चांगदेवच्या मामाकडून. मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्याने पुठ्ठ्याचा एक खोका आणला होता. झाकणावर आग ओकणारा, पंख असलेला अजगर. आत इंग्रजी नियमांचं पुस्तक आणि एकच साधा फासा. बाकीचे फासे आधीच्या मालकाने हरवले असावेत. चांगदेवला वाटलं, सापशिडीसारखं काहीतरी असेल. त्याने पट शोधला, तर पटच नव्हता.

हेमाने पुस्तक घरी नेऊन वाचलं. पुढच्या रविवारी तिने तिघांना सांगितलं ते असं: एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. आपला माणूस काय करतो ते ज्याचं त्याने ठरवायचं. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवणार.

"आणि जिंकतं कोण?" चांगदेवने विचारलं.

"कोणीच नाही."

"मग खेळायचं कशाला?"

"मला पण नीट कळलेलं नाही," हेमा म्हणाली. "करून बघू."

जग सांगणाऱ्यासाठी पुस्तकात जो शब्द होता तो कोणाच्याच तोंडात बसेना. सरोजने एकांकिकांत कामं केलेली होती. ती म्हणाली, सूत्रधार म्हणू या. तेच नाव राहिलं.

पहिला रविवार वाईट गेला. हेमा पुस्तकातलं वर्णन एकेक वाक्य मराठी करून वाचत होती. किल्ला, झुलता पूल, तळघर, मशाली. चांगदेवला डुलकी लागली. सरोजने दोनदा विचारलं की आता आम्ही काय करायचं, आणि दोन्ही वेळा हेमाने आणखी एक परिच्छेद वाचला. शेवटी होडीतून बेटावर उतरायचा प्रसंग आला. तोवर गप्प बसलेल्या विश्रामने विचारलं, "भरती आहे की ओहोटी?"

"पुस्तकात दिलेलं नाही."

"मग उतरणार कसं? ओहोटी असेल तर मांडीभर चिखल. भरती असेल तर होडी थेट लागते. तू काय आहे ते सांग, मी काय करतो ते सांगतो."

हेमाने पुस्तक मिटलं. जरा विचार करून ती म्हणाली, "ओहोटी."

"मग थांबतो. भरती येऊ दे."

"थांबा. पण तोवर बेटावरच्या लोकांनी तुम्हाला बघितलंय."

चांगदेव उठून बसला. खेळ खरा सुरू झाला तो त्या वाक्याला, असं हेमा सांगते.

पुढच्या काही महिन्यांत ती पुष्कळ शिकली, बहुतेक वेळा चुकून. वर्णन तीन वाक्यांच्या पुढे गेलं की समोरची माणसं खिडकीबाहेर बघायला लागतात. तू घाबरलायस, असं कोणाला सांगायचं नाही. दारामागे काय वाजतंय ते सांगायचं, घाबरायचं की नाही ते त्याचं तो बघेल. आपण दोन वाटा तयार ठेवल्या तर हे लोक तिसरीने जातात. एकदा सरोजच्या वैदिणीने राक्षसिणीशी लढायचं सोडून तिला पाठदुखीवर लेप दिला, आणि हेमाची आठवडाभराची तयारी फुकट गेली. त्या संध्याकाळी ती चिडली होती. नंतर त्याच राक्षसिणीने त्यांना पारसिकच्या डोंगरातून वाट दाखवली, तेव्हा हेमाच्या लक्षात आलं की आपण ठरवलेल्यापेक्षा हे बरं झालं. काही सांगून झालं की "पुढे काय करता?" असं विचारायचं आणि गप्प बसायचं, ही सवय तिने लावून घेतली. गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं.

पुस्तकातले किल्ले गळत गेले. त्यांच्या जागी खाडी आली, मिठागरं आली, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली रुतलेली जुनी गलबतं आली. झाकणावरच्या अजगराची खाडीतली सुसर झाली.

फाशांचा प्रश्न वेगळा होता. पुस्तकाला वीस बाजूंचा फासा हवा होता. असला फासा चौघांपैकी कोणीच पाहिलेला नव्हता. हेमाच्या घरी मात्र हाउझीचा संच होता. तिचे वडील दामाजी घाग वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फोरमन होते, पण कॉलनीत त्यांची ओळख हाउझीचे आकडे काढणारे घाग अशी होती. गणपती असो, कोजागिरी असो, कोणाच्या लग्नाचा वाढदिवस असो, पिशवी त्यांच्याच हातात. नव्वद लाकडी सोंगट्यांतल्या एक ते वीस हेमाने काढल्या आणि वेगळ्या कापडी पिशवीत घातल्या. फासा टाकायच्या ऐवजी सोंगटी काढायची. मोठा आकडा चांगला, लहान वाईट.

यात एक गोष्ट राहून गेली. फासा दरवेळी वीसच्या वीस बाजू घेऊन पडतो. सोंगटी त्याच्यासारखी वागायला हवी असेल तर काढलेली सोंगटी लगेच परत पिशवीत टाकावी लागते. पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं, कारण फाशाला ते लागत नाही. आणि हाउझीत निघालेला आकडा कधी परत आत जात नाही. दामाजींच्या घरात वाढलेल्या मुलीला दुसरं काही सुचणं कठीण होतं. निघालेली सोंगटी सुपारीच्या रिकाम्या डब्यात जायची. पिशवी पूर्ण रिकामी झाली की वीसही परत आत. मधेच रविवार संपला तर पिशवी आणि डबा होते तसे कपाटात.

दामाजींचा आणखी एक नियम होता. एका कोजागिरीला ऐन वेळी लाउडस्पीकर बंद पडला आणि गच्चीच्या मागच्या बाजूला आकडा पोचलाच नाही. परत काढा, परत काढा, असा ओरडा झाला. ओरडणाऱ्यांत त्यांची बायको नंदाबाईही होत्या. दामाजींनी तोच आकडा पुन्हा मोठ्याने सांगितला, "आकडा निघाला तो निघाला," म्हणाले, आणि पुढची सोंगटी काढली. नंदाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. हेमा तेव्हा शाळेत होती. तिला वडिलांचा अभिमान वाटला होता.

तर विश्रामचा नाथा हा नाखवा होता, आणि पनवती. हे दुसरं नाव चांगदेवने ठेवलं. नाथा मिठागरात पाय घसरून चिखलात गेला. नाथाने अनोळखी विहिरीचं पाणी चाखलं आणि दोन दिवस आडवा झाला. नाथा पहाऱ्यावर झोपला. असलं बारीकसारीक काही आलं की विश्राम म्हणायचा, "थांबा, मी बघतो," पिशवीत हात घालायचा, आणि दोन, तीन नाहीतर चार बाहेर यायचा.

"तुला कोणी सांगतं रे पुढे व्हायला?" चांगदेव म्हणायचा. "घरी बस ना, पनवती."

"आम्ही कोळी लोक. हात घातल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही."

"आत दोन आहे. तुझ्यासाठी कायम दोन असतो. बाकीच्यांचे आकडे वेगळे."

खरी लढाई आली की विश्राम मागे सरायचा. चांगदेवचा तलवारबाज पुढे व्हायचा, सतरा काढायचा, एकोणीस काढायचा, आणि मग चांगदेव उठून खोलीत एक फेरी मारून यायचा. सरोजची वैदीणही सहसा चुकत नसे. नाथाने इतक्या महिन्यांत मोठं असं काही केलं नाही. हेमाला कधीकधी वाईट वाटायचं. पण आकडा हा आकडा होता.

त्यांची मोहीम एका घंटेची होती. खाडीकाठच्या गावातल्या देवळाची घंटा सुसरीने नेली होती. ती वाजल्याशिवाय गावच्या होड्यांना धुक्यात किनारा सापडत नसे. ऑगस्ट संपता संपता त्यांना घंटा मिळाली. आता फक्त खाडीच्या तोंडातून होडी आत आणायची होती. मग गणपती आले आणि खेळ काही रविवार बंद राहिला.

गणपतीत मंडळाची हाउझी झाली. दामाजींनी कपाटातून संच काढला, पिशवीतल्या आणि डब्यातल्या सोंगट्या त्यात ओतल्या, आणि कार्यक्रम झाल्यावर नव्वद मोजून जागेवर ठेवल्या. २९ तारखेला दुपारी हेमाने संच उघडला, एक ते वीस निवडल्या आणि पिशवीत घातल्या. त्यातल्या कुठल्या आधी निघून गेल्या होत्या, हे तिला आठवत नव्हतं. नव्याने सुरुवात करतोय तर पिशवी भरलेली असावी, एवढंच तिच्या मनात आलं. त्यात कोणाला सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही.

विश्राम त्या दिवशी वेगळा होता, असं सरोज सांगते. चांगदेवला तसं काही आठवत नाही. विश्रामने बसता बसताच जाहीर केलं, "आज सुकाणू माझ्याकडे," हे मात्र दोघांनाही आठवतं.

"गेली घंटा," चांगदेव म्हणाला. "पनवती सुकाणूवर. गेली."

"नाखवा कोण आहे?"

"नाखवा तूच रे, पण जीव आमचे आहेत."

"तुमचे जीव किनाऱ्यावर पोचवतो, मग बोल."

हेमाने खाडीचं तोंड सांगितलं. डाव्या हाताला खडक, उजवीकडे उथळ वाळू, मधे सुसर. विश्रामने भरती-ओहोटी विचारली. ओहोटी लागलीय, हेमा म्हणाली, पाणी बाहेर ओढतंय. मग तासभर खेळ चांगला रंगला. सुसरीने होडीची कड धरली तेव्हा किनारा जवळ होता, पण होडी कोणीतरी धरून ठेवल्याशिवाय उतरता येणार नव्हतं.

"तुम्ही घंटा घेऊन उड्या मारा," विश्राम म्हणाला. "मी धरतो."

"आणि तू?" सरोजने विचारलं.

"मी येतो मागून."

दोघं उतरली. नाथा एकटा सुकाणूवर राहिला. हेमाने त्याला सोपी अट घातली, कारण पाणी त्याच्या ओळखीचं होतं: पाचाच्या वर काहीही आलं तरी तो तरेल. विश्राम हसला आणि पिशवीकडे न बघता त्याने हात आत घातला.

तीन.

त्याने सोंगटी उलटून पाहिली. "हा तर गेलेला," तो म्हणाला.

"काय गेलेला?"

"तीन. मी मिठागरात पडलेलो तेव्हा निघाला होता. हा डब्यात पाहिजे."

हेमाने सांगितलं की संच बाबांनी नेला होता. तिने दुपारी सगळ्या परत घातल्यात.

"बोलली नाहीस."

"त्यात बोलायचं काय? आणि कुठला आकडा कधी निघाला हे तुला कसं माहीत?" मग तिच्या लक्षात आलं. "तू मोजत होतास."

विश्रामने सोंगटी मुठीत धरली.

"आत काय उरलंय ते तुला माहीत होतं. म्हणून आज सुकाणू पाहिजे होतं."

"हेमा, आधी होत्या तेवढ्याच आत ठेव. कुठल्या होत्या ते मी सांगतो. परत काढतो."

"आकडा निघाला तो निघाला."

"अगं, ऐक तर."

"ही लबाडी आहे, विश्राम."

चांगदेव हसला. का हसला, हे त्याला अजून सांगता येत नाही. हेमाने मग शेवट सांगितला. पाण्याने नाथाला बाहेर ओढून नेलं. सकाळी होडी रिकामी परत आली. गावात घंटा वाजली आणि सगळे नाखवे घरी आले, तो सोडून. तिने तो छान सांगितला, असं सरोज म्हणते, आणि तेच जास्त वाईट झालं. तो शेवट हेमाला आवडला होता, हे तिच्या आवाजात कळत होतं.

विश्रामने तीनची सोंगटी सुपारीच्या डब्यात टाकली आणि उठला. नंदाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात होत्या. "अरे, चहा तरी घे," त्या म्हणाल्या. "नको काकू, निघतो," म्हणून तो जिना उतरला.

चिडलाय, येईल, असं हेमाने गृहीत धरलं. वर्तकनगरहून चेंदणीला रिक्षाने जायला कितीसा वेळ लागतो. ती गेली नाही. चूक त्याची होती, यायचं त्याने होतं.

पुढच्या रविवारी तिघंच बसली. त्याच्या पुढच्या रविवारीही. हेमाने नवी मोहीम काढली, पण काहीच धड होईना. चांगदेवच्या तलवारबाजाने पहिल्याच चकमकीत एक काढला आणि तलवार विहिरीत घालवली. सरोजच्या वैदिणीने दोन काढून एका पोराला भलतंच औषध दिलं. नंतर चार, मग पाच.

"आपण बसलोय की झोपलोय?" चांगदेव म्हणाला. "पनवती गेली आणि सगळं नशीब घेऊन गेली."

सरोज हसली नाही. "आपण आधी पडायचोच नाही ना रे?" ती म्हणाली. "मोठ्या वेळी तर कधीच नाही. वाईट सगळे तोच काढायचा."

"तेच म्हणतोय. पनवती."

"नाही. तो कधी पुढे व्हायचा ते आठव."

हेमाने पिशवी खाटेवर रिकामी केली. तिला तिथे बसल्या बसल्या समजलं. चांगले आकडे आधी निघून गेले की पिशवीत वाईट उरतात, आणि पिशवी संपेपर्यंत ते कोणालातरी काढावेच लागतात. विहिरीचं पाणी चाखताना काढले तर पोट बिघडतं. सुसरीसमोर काढले तर माणूस मरतो. पिशवीत वाईट उरले की विश्राम म्हणायचा, थांबा, मी बघतो. चांगले उरले की तो मागे सरायचा. मोजत तो पहिल्यापासूनच होता. त्यातला एकही चांगला आकडा त्याने स्वतःसाठी ठेवला नव्हता, शेवटचा रविवार सोडून.

"म्हणजे माझे सतरा, एकोणीस त्यानेच सोडलेले," चांगदेव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हेमा कोळीवाड्यात गेली. विश्रामची आई आवडाबाई बाजारातून परत येऊन दारात टोपल्या धूत होती.

"त्यो नाय गो घरी," ती म्हणाली. "वेरावलला गेला. बर्फाच्या कारखान्यान लागलाय, मामाच्या वलखीनं. तुमाला नाय बोलला?"

"नाही."

"त्या आयतवारी सांगाया म्हनूनच गेलेला. बोलला, दोस्तांना सांगून येतो."

हेमा ओट्यावर बसली. आवडाबाईने पाणी दिलं, कुठली, कोणाची, सगळं विचारलं. खेळातल्या माणसाबद्दल निरोप कसा ठेवायचा हे हेमाला कळेना, म्हणून तिने नुसता पत्ता घेतला. तिने गुजरातेत वेरावळला दोन पत्रं पाठवली. पहिल्यात माफी मागितली होती, दुसऱ्यात नुसती खुशाली होती. एकाचंही उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर रविवारी कोणी जमेनासं झालं. खोका चांगदेव घेऊन गेला.

सरोज डोंबिवलीतच बँकेत लागली. चांगदेव रेल्वेत लागला. हेमा लग्न होऊन टिटवाळ्याला गेली आणि कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली. तिथे संभाव्यता शिकवताना ती पिशवी आणि रंगीत गोट्यांचं उदाहरण घ्यायची टाळते, असं तिच्या बरोबरच्या शिक्षिकेचं निरीक्षण आहे. कारण त्या शिक्षिकेला माहीत नाही.

१९९६ च्या दिवाळीत चांगदेवच्या मामाने शेवटी तो फासा आणला. हिरवा, बोराएवढा, वीस बाजूंचा. चांगदेव तो घेऊन टिटवाळ्याला आला. त्याने फरशीवर टाकला: अकरा. परत टाकला: पुन्हा अकरा.

"परत तोच?" तो म्हणाला. मग थोडा वेळ फाशाकडे बघत बसला. "म्हणजे पिशवी भरलेलीच पाहिजे होती. दरवेळी. पुस्तकाप्रमाणे तूच बरोबर होतीस ना?"

"पुस्तकाप्रमाणे," हेमा म्हणाली. "पण आपण त्या पुस्तकाप्रमाणे कधी खेळत होतो?"

त्याच आठवड्यात ती माहेरी गेली. दामाजी निवृत्त झाले होते. आकडे काढायचं काम त्यांनी कॉलनीतल्या दुसऱ्या माणसाला दिलं होतं. तिने त्यांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं. खेळ कसला, हे त्यांच्या फारसं डोक्यात शिरलं नाही. पिशवीचं मात्र लगेच शिरलं.

"डाव चालू होता?" त्यांनी विचारलं.

"हो. अर्धी पिशवी संपली होती."

"आणि तू मधेच भरलीस. न सांगता."

"हो."

"मग डाव रद्द. त्यात विचारायचं काय?"

"तुम्हीच म्हणायचात, आकडा निघाला तो निघाला."

"पिशवी नीट असेल तर," दामाजी म्हणाले. "पिशवी बिघडली तर आकडा कसला? लोकांना सांगायचं, डाव रद्द, परत पहिल्यापासून. त्याची लाज वाटू द्यायची नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू तेव्हाच विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी आतल्या खोलीत तर होतो."

१९९७ च्या शिमग्याच्या आधी हेमा पुन्हा कोळीवाड्यात गेली. आवडाबाई मुलीकडे, सफाळ्याला गेली होती. धाकटी मुलगी मंजुळा घरी होती. तिच्याकडून कळलं की विश्राम दरवर्षी शिमग्याला दोन दिवस येतो, होळी पेटली की तिसऱ्या दिवशी निघतो. हे इतक्या वर्षांत हेमाला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं.

तिने निरोप ठेवला: डाव रद्द झालाय. नाथा बुडालेला नाही.

"एवढंच?" मंजुळाने विचारलं. "त्याला कळेल ना?"

"कळेल."

शिमगा झाल्यावर आठवड्याने मंजुळाने शाळेत फोन केला. विश्राम येऊन गेला होता. निरोप तिने होळीच्या दिवशीच दिला. त्याने ऐकून घेतला आणि मित्रांबरोबर नाचायला गेला. निघायच्या दिवशी बॅग उचलताना त्याने एकच वाक्य सांगितलं. ते मंजुळाने जसंच्या तसं सांगितलं: "तिला विचार, ओहोटी होती, मग तो गेला कुठं?"

"चिडून म्हणाला की हसून?" हेमाने विचारलं.

"बॅग उचलत म्हणाला," मंजुळा म्हणाली. "तोंड पलीकडे होतं."

हेमाने उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. आधी तिने मोठं काहीतरी लिहून काढलं होतं. ते टाकून दिलं. मंजुळाला तिने सांगितलं ते असं: पाण्याने त्याला उत्तरेला नेलं. ओळख नसलेल्या एका बंदराला तो लागलाय, भिजलेला आहे, पण जिवंत आहे. पुढे काय करतोस?

मंजुळाने ठाणे स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून वेरावळच्या बर्फाच्या कारखान्यात फोन लावला. विश्राम बाहेर गेला होता. ज्या माणसाने फोन घेतला त्याने निरोप गुजरातीत लिहून घेतला. शेवटचं वाक्य त्याने पुन्हा विचारलं, निरोप आहे की प्रश्न आहे म्हणून. प्रश्न आहे, मंजुळा म्हणाली. पोचवतो, तो म्हणाला.

ही एप्रिलमधली गोष्ट. जूनमध्ये तिकडच्या बोटी पावसाळ्यासाठी किनाऱ्याला ओढल्या आणि कारखान्यातली निम्मी माणसं आपापल्या गावी गेली. विश्राम त्यांच्यात होता की नाही हे मंजुळाला माहीत नाही. तिला अजून त्याचा फोन आलेला नाही.